गडवाटांच्या गटाचा स्वतःचा सर्व्हर : प्रकल्प नोंदी

काम : सह्याद्रीतल्या गडवाटा, पाणवठे आणि पक्षी यांच्या नोंदी ठेवणारा गट एका मोठ्या समाजमाध्यमावरच्या पानावरून स्वतःच्या सर्व्हरवर नेणं. असा सर्व्हर पुढे उभा करू पाहणाऱ्या मराठी गटांना सरळ वापरता याव्यात म्हणून नोंदी तपशिलात ठेवल्या आहेत. आज्ञांची नावं जशी उच्चारली जातात तशी दिली आहेत.

१७ नोव्हेंबर २०२४ : काय उभारायचं

गटाची गरज साधी आहे. गडावरच्या टाक्यात मार्चमध्ये पाणी आहे की नाही, ही नोंद एप्रिलमध्ये तिकडे जाणाऱ्याला सापडली पाहिजे. मोठ्या मंचावर ती कोणाला दिसावी आणि किती दिवस, हे तिथला अल्गोरिदम ठरवतो. मंच उद्या राहील का, हे ठरवणंही आपल्या हातात नसतं. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये, आणि मराठीतही चालणारं कू जुलै २०२४ मध्ये. ट्विटरने फेब्रुवारी २०२३ मध्ये फुकट एपीआय (बाहेरच्या ॲपांना मंचाशी जोडणारी सोय) बंद करायचं जाहीर केलं, रेडिटने २०२३ मध्ये एपीआयला असे दर लावले की अपोलोसारखं रेडिट वाचायचं लोकप्रिय ॲप मिटलं. दर वेळी लोक तेच होते, जागा मात्र दुसऱ्याची होती.

पाहिलेले पर्याय :

ब्लूस्काय. खात्याचा डेटा स्वतःच्या पीडीएस नावाच्या लहान सर्व्हरवर ठेवता येतो आणि त्याला १ जीबी रॅम पुरते. खात्याची ओळख सर्व्हरच्या नावाशी बांधलेली नसते, हा या रचनेचा मोठा गुण. पण सगळ्यांच्या पोस्टी गोळा करणारा रिले आणि त्या दाखवणारा ॲपव्ह्यू हे दोन्ही थर व्यवहारात २०२४ मध्ये एकाच कंपनीकडे होते. गटाचे नियम गटाने चालवायचे असतील तर हे अपुरं पडतं.

लेमी. विषयवार चर्चेला उत्तम. रस्त्यात थांबून फोनवरून टाकायच्या चार ओळींच्या नोंदीला जड.

मॅट्रिक्स. गप्पांची खोली म्हणून चांगलं, पण नोंद गप्पांमध्ये वाहून जाते. ती अडचण व्हॉट्सॲपवर आहेच.

गो-टू-सोशल. हलकं आहे, १ जीबीत चालतं, पण स्वतःचा वेब क्लायंट नाही आणि २०२४ मध्ये बीटा अवस्थेत होतं. एकट्या माणसाला किंवा चार-पाच जणांना योग्य.

मॅस्टोडॉन. २०१६ पासूनचं, ॲक्टिव्हिटीपब या खुल्या प्रोटोकॉलवर चालणारं. हा प्रोटोकॉल वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये शिफारस म्हणून मान्य केला. सर्व्हरची स्वतःची 'लोकल' टाइमलाइन, हॅशटॅग फॉलो करण्याची सोय, मॉडरेशनची पक्की साधनं. आवृत्ती ४.३ घ्यायची ठरली.

२४ नोव्हेंबर २०२४ : डोमेन

पूर्ण प्रकल्पात न बदलता येणारी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे लोकल डोमेन, सर्व्हरचं नाव. प्रत्येक खात्याचा पत्ता, प्रत्येक पोस्टचा ओळखदुवा आणि दुसऱ्या सर्व्हरांनी आपल्याबद्दल जपलेली माहिती या नावाशी बांधलेली असते. नंतर नाव बदललं तर बाकी जगाच्या दृष्टीने तो नवा, अनोळखी सर्व्हर ठरतो आणि जुने फॉलोअर तुटतात. म्हणून सॉफ्टवेअरच्या आधी डोमेन.

.in घेतलं. एका वेळी १० वर्षांपर्यंत नोंदणी होते. दुसऱ्या देशाच्या अक्षरांचं आकर्षक नाव घेऊ नये : फेब्रुवारी २०२४ मध्ये अफगाणिस्तानच्या .af खालचा क्विअर डॉट एएफ हा मॅस्टोडॉन सर्व्हर डोमेन निलंबित झाल्याने गेला, आणि जुलै २०२३ मध्ये मालीच्या .ml खालच्या एका लेमी सर्व्हरचं नाव तसंच गेलं. देवनागरी डोमेनचा मोह बाजूला ठेवला. मॅस्टोडॉन ते प्युनीकोडमध्ये (त्या नावाच्या रोमन अक्षरांतल्या रूपात) सांभाळतो, पण फेडिव्हर्समध्ये, म्हणजे ॲक्टिव्हिटीपबने एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांच्या जाळ्यात, अनेक तऱ्हेची सॉफ्टवेअरं आहेत आणि सगळी ते सारखं हाताळतील याची हमी नाही. खात्याचं नावही रोमन अक्षरं, अंक आणि अधोरेघ एवढ्यातच करता येतं. दिसणारं नाव मात्र देवनागरीत ३० चिन्हांपर्यंत ठेवता येतं.

नोंदणी गटाच्या सार्वजनिक न्यासाच्या नावावर, एका व्यक्तीच्या नावावर नाही. रजिस्ट्रारच्या खात्याला टू-फॅक्टर (दुहेरी पडताळणी) लावलं आणि त्याचे रिकव्हरी कोड दोन वेगळ्या घरांत छापील ठेवले.

१ डिसेंबर २०२४ : सर्व्हर

मुंबई विभागातला व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) : २ व्हीसीपीयू, ४ जीबी रॅम, ८० जीबी एसएसडी, डेबियन १२. दीडशे-दोनशे सदस्यांपर्यंत एवढं पुरतं. २ जीबीवर सॉफ्टवेअर चालतं, पण अपडेटच्या वेळी ॲसेट प्रीकंपाइलची (पानांच्या फायली आधीच तयार करण्याची) पायरी मेमरी संपून मध्येच मरते आणि लॉगमध्ये फक्त 'किल्ड' एवढा शब्द उरतो. ४ जीबीवरही ४ जीबी स्वॅप फाइल (डिस्कवरची जादा मेमरी) जोडावी.

भाग असे : पोस्टग्रेस (सगळा कायमचा डेटा), रेडिस (टाइमलाइन आणि कामांच्या रांगा), पुमा (वेब, पोर्ट ३०००), स्ट्रीमिंग (पोर्ट ४०००), साइडकिक (मागची सगळी कामं), पुढे एनजिनएक्स (बाहेरच्या विनंत्या आत वाटून देणारा वेब सर्व्हर). बाहेरून फक्त ८०, ४४३ आणि एसएसएच उघडं. पोस्टग्रेसचं ५४३२ आणि रेडिसचं ६३७९ कधीच नाही.

आकडे : पुमाच्या २ प्रक्रिया, प्रत्येकी ५ थ्रेड (समांतर कामाचे धागे). साइडकिकची एक प्रक्रिया, १५ थ्रेड, आणि तिचा डीबी पूलही (डेटाबेसशी एका वेळी उघडायच्या जोडण्या) १५. थ्रेड वाढवून पूल तसाच ठेवला तर कामं जोडणीची वाट पाहत थांबतात आणि रांग फुगते. बाहेरून मात्र सर्व्हर 'स्लो' आहे एवढंच दिसतं. पोस्टग्रेसच्या मूळच्या १०० जोडण्यांत हे सगळं आरामात बसतं. साइडकिकच्या प्रक्रिया पुढे वाढवल्या तर 'शेड्युलर' ही रांग त्यांतल्या एकाच प्रक्रियेला द्यायची.

साइडकिक थांबलं की फसगत होते. पान उघडतं, लॉगिन होतं, पोस्टही टाकली जाते. पण ती बाहेर कुठेच पोचत नाही आणि ईमेलही जात नाहीत. म्हणून निगराणी पान उघडतंय का यावर न ठेवता रांगेतलं सगळ्यात जुनं काम किती मिनिटं पडून आहे यावर ठेवली. 'डिफॉल्ट' आणि 'मेलर्स' रांगेत ५ मिनिटांहून जास्त उशीर झाला की सूचना. बाहेरून माहिती आणणारी 'पुल' रांग मागे पडली तरी घाई नाही.

४.३ पासून ॲक्टिव्ह रेकॉर्ड एन्क्रिप्शनच्या (डेटाबेसमधली गुपितं कूटबद्ध करणाऱ्या) तीन किल्ल्या लागतात. त्या एकदा तयार करायच्या आणि पुन्हा कधीही बदलायच्या नाहीत. त्या जिथे राहतात ती एन्व्ह (सेटिंगची) फाइल म्हणजे नुसती पासवर्डांची यादी नव्हे, डेटाबेस उघडण्याची किल्ली आहे. तिचा बॅकअप डेटाबेसइतकाच महत्त्वाचा, पण वेगळ्या जागी.

४ डिसेंबर २०२४ : ईमेल आणि पहिली जोडणी

व्हीपीएसवर पोर्ट २५ बहुतेक ठिकाणी बंद असतं. एसएमटीपी सेवा घेऊन ५८७ वरून पाठवायचं. एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क या, मेल खरंच आपल्या डोमेनची आहे हे सांगणाऱ्या, तिन्ही नोंदी डीएनएसमध्ये आधी लावायच्या, चाचणी मेल नंतर. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल याबाबत कडक झालं आहे. पुष्टीची मेल स्पॅममध्ये गेली की नवा सदस्य तिथेच गळतो आणि तो तक्रारही करत नाही.

बाहेरच्या सर्व्हरवरून आपलं खातं पूर्ण पत्त्याने शोधून पाहिलं. सापडत नसेल तर या क्रमाने तपासावं : वेबफिंगरचा (खातं कुठे आहे ते सांगणाऱ्या सोयीचा) पत्ता बाहेरून उघडतो का, टीएलएस प्रमाणपत्रांची साखळी पूर्ण आहे का, पुढे सीडीएन (मध्ये उभी राहून पानं पुरवणारी सेवा) असेल तर त्याचं 'तुम्ही माणूस आहात का' हे पान दुसऱ्या सर्व्हरांना अडवतंय का (इनबॉक्सवर येणारे सर्व्हर माणसं नसतात, त्यामुळे ती अडवणूक त्या वाटेवर बंद करावी लागते), आणि घड्याळ. सर्व्हर एकमेकांना पाठवतात त्या विनंत्या सहीच्या असतात आणि सहीत वेळ असते. मॅस्टोडॉन फार जुनी किंवा फार पुढच्या वेळेची सही नाकारतो. घड्याळ जुळवणारं एनटीपी चालू असलंच पाहिजे.

११ डिसेंबर २०२४ : मराठी

ही नोंद लांब आहे. परदेशी मार्गदर्शिकांत यातलं काहीच सापडत नाही.

अक्षरमोजणी. मॅस्टोडॉनची मर्यादा ५०० आहे आणि तो व्यंजन आणि त्याची मात्रा मिळून एक मोजतो. एक्सवरची साधी मर्यादा २८०, आणि तिथे देवनागरीची प्रत्येक मात्रा, प्रत्येक हलन्त सुटा मोजला जातो. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द सुट्या चिन्हांनी ११ भरतो. मात्रेसकट पण जोडाक्षर फोडून मोजला तर ६, जोडाक्षर एकसंध धरलं तर ४. म्हणजे मराठीत लिहिणाऱ्याला फरक ५०० विरुद्ध २८० यापेक्षा बराच मोठा पडतो. वाटेची पूर्ण नोंद एका पोस्टमध्ये बसते. दुवा कितीही लांब असो, २३ धरला जातो.

हॅशटॅग आणि विभक्ती. बोलता बोलता आपण '#राजगडावर पाणी आहे' असं लिहितो. सर्व्हरच्या दृष्टीने #राजगड आणि #राजगडावर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि एक फॉलो करणाऱ्याला दुसरी दिसत नाही. नियम ठरला : वाक्यात टॅग नाही, पोस्टच्या शेवटच्या ओळीत टॅग, मूळ रूपात. शेवटच्या ओळीतले टॅग मॅस्टोडॉन पोस्टखाली वेगळ्या पट्टीत मांडतो, त्यामुळे वाचनही स्वच्छ राहतं.

टायपिंग. 'दऱ्या' हा शब्द कळफलकाप्रमाणे दोन तऱ्हांनी उमटतो : ऱ + ् + य असा, किंवा साधा र, हलन्त, मग न दिसणारा शून्य रुंदीचा जोडक आणि य. पडद्यावर दोन्ही एकसारखे, संगणकाला वेगळे. हलन्त, नुक्ता आणि ही अदृश्य चिन्हं प्रत्येक सॉफ्टवेअर हॅशटॅगमध्ये सारखी वागवतं असंही नाही. म्हणून गटाच्या टॅगांची ठरावीक यादी केली आणि शक्य तिथे जोडाक्षर टाळलं : #राजगड, #तोरणा, #हरिहर, #पाणवठा, #घाटवाट, #गिधाड. यादी सर्व्हरच्या 'माहिती' पानावर, कॉपी करता येईल अशी.

भाषेची खूण. प्रत्येक पोस्टला भाषा असते आणि ती सदस्याच्या सेटिंगमधून ठरते. तिथे इंग्रजी राहिलं तर मराठी पोस्टवर इंग्रजीची खूण बसते; भाषेनुसार सार्वजनिक टाइमलाइन गाळणाऱ्याला ती दिसत नाही आणि स्क्रीनरीडर ती चुकीच्या आवाजात वाचतो. खूण 'मराठी' असेल तर ज्या फॉन्टमध्ये सोय आहे तिथे ल आणि श हेही मराठी वळणाचे उमटतात. सदस्याला पहिल्या दिवशी करून द्यायचं पहिलं सेटिंग हेच.

शोध. पूर्ण मजकूर शोधायला इलॅस्टिकसर्च हे वेगळं सॉफ्टवेअर लागतं, त्याला आणखी किमान १–२ जीबी रॅम. त्यात हिंदी, बंगाली यांसाठी शब्दाचं मूळ रूप ओळखणारे तयार विश्लेषक आहेत, मराठीसाठी नाही. 'टाकं' शोधल्यावर 'टाक्यात' सापडणार नसेल तर एवढा खर्च करण्यात अर्थ नाही. इलॅस्टिकसर्चशिवाय खाती, हॅशटॅग आणि पूर्ण दुवे शोधता येतात. टॅगांची शिस्त पाळली तर आम्हाला तेवढं पुरेल.

२२ डिसेंबर २०२४ : रिकामी टाइमलाइन

नव्या सर्व्हरवर येणाऱ्याला पहिल्यांदा शांतता दिसते. कारण सर्व्हरकडे फेडिव्हर्सची प्रत नसते. आपल्या कुणीतरी फॉलो केलेल्या खात्यांच्या पोस्टी, त्यांनी पुढे पाठवलेल्या (बूस्ट केलेल्या) पोस्टी आणि आपल्याला आलेली उत्तरं एवढंच इथे पोचतं. हॅशटॅग फॉलो केला तरी आधीच इथे पोचलेल्या पोस्टींतूनच तो वेचला जातो. ४.३ मध्ये बाहेरच्या पोस्टखालची उत्तरंही म्हणूनच अर्धी दिसत. मूळ पोस्टचा दुवा उघडला की पूर्ण चर्चा मिळते. हे सदस्यांना आधीच सांगितलं नाही तर 'इथे कोणी नाहीच' असं म्हणून माणूस परत जातो.

रिले (अनेक सर्व्हरांच्या सार्वजनिक पोस्टी एकमेकांकडे पोचवणारी सेवा) जोडला की पोस्टींचा लोंढा सुरू होतो, पण त्यात मराठी क्वचितच, आणि डिस्क व रांगा दोन्ही भरतात. जोडला नाही. त्याऐवजी गटाच्या सामाईक खात्यावरून पक्षी, भूशास्त्र, नकाशे आणि मराठी लेखन यांची निवडक खाती फॉलो केली आणि ती यादी सीएसव्ही म्हणून सदस्यांना दिली. आयात करताना 'विलीन करा' निवडायचं. 'बदला' निवडलं तर आधी केलेले फॉलो पुसले जातात.

५ जानेवारी २०२५ : नियम आणि कायदा

सर्व्हर लहान असला तरी दुसऱ्यांचा मजकूर साठवणारा म्हणजे मध्यस्थच. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७९ चं संरक्षण हवं असेल तर २०२१ चे मध्यस्थ नियम पाळावे लागतात. तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क पानावर. जानेवारी २०२५ मध्ये मुदती अशा होत्या : तक्रारीची पोच २४ तासांत, निपटारा १५ दिवसांत. न्यायालय किंवा अधिकृत शासकीय आदेश आल्यास तेव्हा ३६ तासांत मजकूर काढणं. खाजगी स्वरूपाच्या चित्रांची तक्रार असल्यास तेव्हा २४ तासांत कारवाई. ५० लाख नोंदणीकृत वापरकर्त्यांनंतरच्या जादा जबाबदाऱ्या आम्हाला लागू नाहीत. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना ६ तासांत कळवायची आणि लॉग १८० दिवस ठेवायचे. एनजिनएक्सचे लॉग डेबियनवर मूळ सेटिंगमध्ये १४ दिवसांत पुसले जातात. ते १८० केलं, आणि सदस्यांना ते स्पष्ट लिहून कळवलं.

गटाचे स्वतःचे नियम मोजके. घरट्याची नेमकी जागा टाकायची नाही. मॅस्टोडॉन फोटोतली जीपीएस माहिती काढून टाकतो, पण मागचा सुळका ओळखीचा असला तर जागा कळतेच. विणीच्या हंगामात घरट्याचे फोटो नाहीत म्हणजे नाहीत. फोटोला वर्णन हवं. खाजगी उल्लेखाच्या पोस्टी एन्क्रिप्टेड नसतात आणि सर्व्हर चालवणाऱ्याला डेटाबेसमध्ये त्या तांत्रिकदृष्ट्या वाचता येतात. हे वाक्य नोंदणीच्या पानावर ठळक घातलं आहे. विश्वास मागायचा तर आधी हे सांगायला हवं.

१४ जानेवारी २०२५

दोन बातम्या नोंदवून ठेवतो. ७ तारखेला मेटाने अमेरिकेत त्रयस्थ तथ्यतपासणी थांबवत असल्याचं जाहीर केलं. १३ तारखेला मॅस्टोडॉनने प्रकल्पाची मुख्य मालकी युजेन रोख्को या संस्थापकाकडून ना-नफा संस्थेकडे नेण्याचं जाहीर केलं. एका माणसाच्या हातातली सूत्रं एकीकडे अब्जावधींचं बोलणं फिरवतात. दुसरीकडे संस्थापक ती स्वतःहून सोडतो आहे. आमच्या निवडीला बळ देणारी गोष्ट.

२ फेब्रुवारी २०२५ : माणसं आणणं

भारतात मॅस्टोडॉनची एक लाट येऊन गेली आहे. सर्वोच्च न्यायालयातले वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं निलंबित झाल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये बरेच जण इकडे आले आणि ओसरले. ऑक्टोबर २०२२ मध्ये मस्क यांनी ट्विटर घेतल्यावर जगभर आणखी मोठी लाट आली. रागाने आलेला माणूस एकटा येतो आणि ओळखीचं कोणी न दिसल्याने परततो. गट मिळून आला तर टिकतो, असं माझं ठाम मत आहे. म्हणून आधी नेमाने नोंदी लिहिणारे वीसेक जण, त्यांच्या नोंदी लोकल टाइमलाइनवर महिनाभर साचल्यावर बाकीचे.

नोंदणी मंजुरीने किंवा निमंत्रण-दुव्याने. खुली ठेवायची नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये बेवारस पडलेल्या खुल्या सर्व्हरांवर खाती उघडून स्पॅमचा पूर आणला गेला होता. त्यानंतर मॅस्टोडॉननेच अशी सोय केली की आठवडाभर कोणी मॉडरेटर फिरकला नाही तर खुली नोंदणी आपोआप मंजुरीवर जाते.

गटाच्या रविवारच्या बैठकीत प्रत्येकाच्या फोनवर करायचं काम, याच क्रमाने : निमंत्रण-दुवा ब्राउझरमध्ये उघडून नोंदणी, मेल पुष्टी, पोस्टची भाषा मराठी, टू-फॅक्टर, मग ॲप (अँड्रॉइडवर टस्की किंवा अधिकृत ॲप). ॲप आधी उघडलं तर ते भलत्याच मोठ्या सर्व्हरवर नोंदणीकडे नेतं. ॲपमध्ये शिरताना आधी सर्व्हरचं नाव द्यावं लागतं, आणि ज्येष्ठ सदस्य अडतात ते नेमके तिथेच. नाव छापलेलं कार्ड हातात दिलं की अडचण संपते.

व्हॉट्सॲप गट बंद करायचा नाही. 'उद्या पाच वाजता स्वारगेट' हे तिथेच ठीक. नोंद मात्र सर्व्हरवर टाकायची आणि तिचा दुवा व्हॉट्सॲपवर, उलट नाही.

१६ फेब्रुवारी २०२५ : डिस्क

डिस्क आपल्या फोटोंनी भरत नाही, बाहेरच्या फोटोंनी भरते. फॉलो केलेल्या प्रत्येक बाहेरच्या पोस्टचं चित्र आपला सर्व्हर उतरवून घेतो, मूळ आणि लघुप्रत अशा दोन रूपांत, शिवाय खात्यांची चित्रं आणि दुव्यांची झलकपत्रं. सर्व्हर सेटिंगमध्ये माध्यमांच्या कॅशेची (तात्पुरत्या साठ्याची) मुदत ७ दिवस केली. मुदतीनंतर चित्र पुसलं तरी कोणी पोस्ट उघडली की ते मूळ ठिकाणाहून पुन्हा आणलं जातं. शेजारीच 'मजकूर कॅशे'ची मुदत आहे. तो रकाना रिकामाच ठेवायचा, नाहीतर सदस्यांनी खूण करून ठेवलेल्या बाहेरच्या पोस्टी जाऊ शकतात. हाताने साफ करायचं तर टूटसीटीएल या मॅस्टोडॉनच्या आज्ञासाधनाच्या 'मीडिया रिमूव्ह' आणि 'प्रिव्ह्यू कार्ड्स रिमूव्ह' या आज्ञा, आठवड्यातून एकदा पहाटे.

आपली माध्यमं एस-थ्री पद्धतीच्या (भाड्याच्या ऑनलाइन) साठवणीत नेली, पण पुढे स्वतःचं उपडोमेन लावून. साठवणीचा पुरवठादार बदलला तरी जुने दुवे तुटत नाहीत.

जाता जाता : पोस्टमध्ये दुवा असला की ती पोस्ट पोचलेला प्रत्येक सर्व्हर झलक आणायला त्या संकेतस्थळावर जातो. गटाचं नकाशांचं संकेतस्थळ लहानशा होस्टिंगवर आहे. त्याच्या पुढे कॅशे लावला, नाहीतर एका लोकप्रिय पोस्टने ते झोपतं.

२ मार्च २०२५ : बॅकअप उतरवून पाहणं

बॅकअपमध्ये तीन गोष्टी : पोस्टग्रेसचा कस्टम स्वरूपातला डंप (डेटाबेसची पूर्ण प्रत), एन्व्ह फाइल, माध्यमं. रेडिस गेलं तर टाइमलाइना 'फीड्स बिल्ड' ने पुन्हा रचता येतात. फक्त रांगेतली कामं जातात. डंप रोज रात्री, एन्क्रिप्ट करून, दुसऱ्या पुरवठादाराकडे. डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा उचलून नव्या ऑपरेटिंग सिस्टिमवर ठेवू नयेत. जीलिबसी या सिस्टिमच्या मूळ लायब्ररीची आवृत्ती बदलली की मजकुराच्या वर्गवारीचे नियम बदलतात, इंडेक्स बिघडतात, आणि एकाच खात्याच्या दोन नोंदी व्हायला लागतात. डंप घेऊन पुन्हा भरला की इंडेक्स नव्याने बांधले जातात.

रिस्टोअरची चाचणी इंटरनेटपासून तोडलेल्या यंत्रावर. जोडलेल्या यंत्रावर साइडकिक उठलं तर ते यंत्र स्वतःला खरा सर्व्हर समजून जगाला पोस्टी आणि मेल पाठवू लागेल. डंप भरला, एन्व्ह जागेवर ठेवली, टू-फॅक्टर असलेल्या खात्याने शिरून पाहिलं. किल्ल्या बरोबर आहेत याची खरी परीक्षा टू-फॅक्टरचीच, कारण त्याचं गुपित डेटाबेसमध्ये कूटबद्ध असतं.

सर्व्हर किती वेळ बंद राहिलेला चालतो? बाहेरचा सर्व्हर आपल्याला न पोचलेली पोस्ट अंतर वाढवत वाढवत काही दिवस पुन्हा पाठवत राहतो. सात वेगवेगळ्या दिवशी अपयश आलं की तो आपल्याला 'अनुपलब्ध' धरतो आणि पाठवणं थांबवतो. आपल्याकडून पुन्हा काही पोचलं की ती खूण निघते, पण मधल्या पोस्टी येत नाहीत. म्हणजे नव्या यंत्रावर सगळं उभं करायला आठवड्याच्या आतलीच मुदत हाताशी आहे.

२३ मार्च २०२५ : मॉडरेशन

तिघे मॉडरेटर, त्यांपैकी एक परदेशातला, म्हणजे रात्रीही कोणीतरी जागं असतं. बाहेरच्या त्रासदायक सर्व्हरसाठी पायऱ्या : आधी 'मर्यादित' (फॉलो करणाऱ्यांनाच दिसतो), मग 'माध्यमं नाकारा', शेवटी 'निलंबित'. निलंबनाने दोन्हीकडचे फॉलो तुटतात आणि निलंबन उठवल्यावर ते परत येत नाहीत. ४.३ मध्ये तुटलेल्या संबंधांची यादी सदस्याला कळते, पण आधी विचारून केलेलं बरं. दुसऱ्यांच्या तयार बंदीयाद्या डोळे झाकून आयात करायच्या नाहीत. प्रत्येक नावामागचं कारण वाचायचं. थ्रेड्स हा मेटाचा मंच सध्या 'मर्यादित' ठेवला आहे : ज्याला तिथल्या कोणाला फॉलो करायचं आहे त्याने करावं.

शब्दगाळणी मराठीत नीट लावावी लागते. 'पूर्ण शब्द' ही खूण ठेवली तर 'सट्टा' गाळला जातो आणि 'सट्ट्याचा' सुटतो. खूण काढली तरी सामान्यरूपात 'ट्टा' चा 'ट्ट्या' होतो, म्हणून मूळ आणि सामान्यरूप दोन्ही घालावे लागतात. उलट, तीन अक्षरांहून लहान शब्द खूण न ठेवता घालू नयेत, ते निरुपद्रवी शब्दांच्या पोटात सापडतात.

सुरक्षा अपडेट त्याच दिवशी. जुलै २०२३ आणि फेब्रुवारी २०२४ मधल्या दोन गंभीर त्रुटींत सर्व्हर किंवा खातं ताब्यात जाऊ शकत होतं, आणि दुरुस्ती बाहेर आल्यावर हल्ला कसा करायचा तेही सगळ्यांना कळतं. क्रम : डंप, नवा कोड, बंडल आणि यार्न (लागणाऱ्या लायब्रऱ्या बसवणं), आधीची मायग्रेशनं (डेटाबेसच्या रचनेतले बदल), ॲसेट प्रीकंपाइल, तिन्ही सेवा पुन्हा सुरू, नंतरची मायग्रेशनं. शेवटची पायरी राहून गेली तरी सर्व्हर चालतो, आणि पुढच्या मोठ्या अपडेटला अडतो.

१३ एप्रिल २०२५ : बाहेर पडण्याची वाट

सदस्याला इथून निघता आलं पाहिजे. नाहीतर मोठ्या मंचाच्या जागी लहान मंच, एवढाच फरक. पायऱ्या लिहून माहिती-पानावर घातल्या. नव्या सर्व्हरवर खातं उघडा आणि तिथे जुन्या खात्याचं टोपणनाव जोडा. मग जुन्या खात्यावरून 'स्थलांतर' द्या. फॉलोअर आपोआप नव्याकडे वळतात. तुम्ही फॉलो केलेल्यांची, रोखलेल्यांची आणि खुणांची यादी सीएसव्हीने न्या. पोस्टी येत नाहीत. त्यांचा संग्रह दर सात दिवसांनी एकदा मागवता येतो, तो जपून ठेवा. एकदा हललात की ३० दिवस पुन्हा हलता येत नाही.

हे सगळं जुना सर्व्हर जिवंत असतानाच होतं, कारण स्थलांतराच्या निरोपावर सही त्याचीच लागते. अचानक बंद पडलेल्या सर्व्हरवरून कोणालाच फॉलोअर घेऊन निघता येत नाही. म्हणून मॅस्टोडॉनच्या सर्व्हर करारातल्या अटी न्यासाच्या ठरावात घेतल्या : रोजचा बॅकअप, सर्व्हरमध्ये शिरू शकणारी किमान आणखी एक व्यक्ती, आणि बंद करायचं झाल्यास तीन महिने आधी सूचना. तीन महिन्यांचा होस्टिंग खर्च वेगळा ठेवला आहे आणि तो इतर कशालाही वापरायचा नाही.

कधी खरंच बंद करायची वेळ आली तर यंत्र नुसतं बंद करू नये. टूटसीटीएलची 'सेल्फ-डिस्ट्रक्ट' आज्ञा ओळखीच्या सगळ्या सर्व्हरांना 'आमची खाती पुसा' असा निरोप पाठवते. रांग पूर्ण रिकामी होईपर्यंत साइडकिक चालू ठेवायचं, आणि त्यानंतर ते डोमेन नव्या सर्व्हरला वापरायचं नाही. ही आज्ञा मागे घेता येत नाही, म्हणून ती चालवायला न्यासाच्या दोन विश्वस्तांची लेखी संमती लागेल, असं ठरावात लिहिलं आहे.